वीस नावांची यादी

शर्वरी मस्केला शंभरपैकी एकतीस मिळाले. ते एकतीस कशाचे हे मला समजलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली, कारण ते मार्क तिचे नव्हतेच. माझे होते.

नीट सांगतो. मी भगवान डोईफोडे. केजच्या बसस्टँडसमोर माझं ऑनलाइन सेंटर आहे, तीस वर्षं झाली. सातबारा, रेशन, पीकविमा, नोकरीचे अर्ज, आणि जून महिना आला की कॉलेजप्रवेश. अर्ध्या तालुक्याच्या पोरापोरींचे फॉर्म या दोन हातांनी भरलेत. लोक म्हणायचे, डोईफोडेकडे दिला की चुकत नाही. मलाही तसंच वाटायचं.

तर मागच्या महिन्यात शर्वरी दुपारी सेंटरवर आली. आमच्या गल्लीतल्या निवृत्ती मस्केची पोरगी, वय अठ्ठावीस, गावातल्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवते. हुशार म्हणजे किती, तर हिनं कागदाची एक पट्टी तयार केलीय. बोअरच्या पाण्यात बुडवायची, फ्लोराइड जास्त असेल तर पट्टी पिवळीची जांभळी होते. ज्या पाण्यानं आमच्याकडे पोरांचे दात किडकट दिसतात आणि चाळिशीत माणसाला वाकता येत नाही, ते पाणी ही पट्टी दोन मिनिटांत ओळखते. दोनशे बारा बोअर हिनं एकटीनं तपासले, स्कूटीवर फिरून. पुण्याच्या दख्खन जलविज्ञान संस्थेनं शास्त्रज्ञाची जागा काढली होती. तिथं निवड झाली तर पट्टी कारखान्यात तयार होणार, गावोगाव जाणार. नाही झाली तर पट्टी तिच्या घरी बुटांच्या खोक्यात. एवढा साधा मामला होता.

"काका, हे जरा बघा," म्हणत तिनं फोन पुढे केला.

लेखी मूल्यांकनात पहिली. प्रकल्पाला सर्वांत जास्त गुण. आणि खाली लाल अक्षरात: झेप-अंक ३१, किमान आवश्यक ६०, उमेदवार अपात्र.

"झेप म्हणजे ते यादीचं यंत्र?"

"हो."

"कुठली यादी?"

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"बारावीनंतर तुम्ही भरलेली, काका."

आता हे झेप प्रकरण काय आहे ते ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मला शर्वरीनंच समजावलं, आणि मी ते माझ्या भाषेत सांगणार.

फार जुना प्रश्न आहे हा. मोठ्या कॉलेजात गेलं की माणूस मोठा होतो, की मुळात मोठी होणारीच पोरं मोठ्या कॉलेजात जातात? हे शोधायला संशोधकांनी एक युक्ती केली. सारखे मार्क असलेली दोन पोरं घ्यायची, दोघांनी अर्जही त्याच कॉलेजांना केलेला. एकाला अर्ध्या मार्कानं प्रवेश मिळाला, दुसऱ्याचा अर्ध्या मार्कानं हुकला. मग वीस वर्षांनी दोघांना गाठून विचारायचं, काय चाललंय? राज्यात सगळ्या पदव्यांना एकच प्रवेशफॉर्म आल्यापासून अशा जोड्या लाखांनी मिळाल्या. आणि निघालं काय, तर दोघं जवळपास सारखेच पुढे गेलेले! कॉलेजच्या नावानं विशेष फरक पडत नव्हता. ज्यानं फरक पडल्यासारखा दिसत होता ती होती यादी. पोरानं अठराव्या वर्षी कुठं कुठं जायची इच्छा धरली होती, ती.

इथवर मला आवडलं. सरकारलाही आवडलं. नावझाक कायदा झाला. नोकरी देणाऱ्यानं उमेदवाराच्या कॉलेजचं नाव बघायचंच नाही, नाव झाकून निवड करायची. आम्ही केजमध्ये पेढे वाटले हो! म्हटलं, आता आमच्या पोरांना कोणी "कुठलं म्हणालात कॉलेज?" असं नाक वर करून विचारणार नाही.

पण शहाण्यांना चैन पडतं का? नाव झाकलं, तर त्यांनी यादी उघडली. पसंतीक्रमाचे वीस रकाने. त्यात किती नावं भरली, किती लांबची, किती अवघड, कुठल्या क्रमानं आणि किती वेळ विचार करून. त्यावरून यंत्र तुमची जिद्द मोजतं. त्याला म्हणायचं झेप-अंक. आणि यादी जुनीच धरायची, कायद्याच्या आधीची. कारण तेव्हा पोरांना कोणी आपली यादी वाचणार आहे हे माहीत नव्हतं, म्हणून ती खरी. मनातली.

मनातली! माझ्या सेंटरवर बसून, माझ्या कीबोर्डवर, माझ्या बोटांनी टाइप केलेली, आणि मनातली!

तो दिवस मला लख्ख आठवतो. दहा वर्षांपूर्वीचा जून. बाहेर पन्नास माणसं, सर्व्हर मरतमरत चाललेला. निवृत्ती पोरीला घेऊन आला. ती मागं उभी, हातात गुणपत्रिका, ब्याण्णव टक्के.

"भगवानराव, आपल्या गावचंच टाका. बाकी काय नगं," निवृत्ती म्हणाला.

"वीस रकाने आहेत, आबा."

"असू द्या की. पोरगी बाहेर धाडायची नाय आपल्याला."

मी एक नाव टाकलं. पसंती क्रमांक एक. उरलेले एकोणीस रकाने कोरे. ओटीपी निवृत्तीच्याच मोबाइलवर आला, त्यानं वाचून दाखवला, मी दाबला. चाळीस सेकंद लागले असतील. पोरीनं काही म्हणायला तोंड उघडलं होतं का, हेसुद्धा मी बघितलं नाही. पुढचा नंबर हाकारला.

आणि हे काही एकट्या शर्वरीचं नाही. माझ्याकडे दोन याद्या तयारच असायच्या. मुलींची यादी म्हणजे एक नाव, फार तर अंबाजोगाईचं धरून दोन. बाप हेच सांगतात हे पाठ झालं होतं, म्हणून पुढे पुढे मी विचारायचंही सोडून दिलं. आणि मुलांची यादी म्हणजे पुणे, मुंबई, दिल्लीपर्यंतची वीस तगडी नावं. एकदा बसून तयार केलेली, नंतर प्रत्येकाला नुसती चिकटवायची. लागला तर लागला नंबर, नाही तर शेवटी गावचं आहेच. हजारो पोरांना एकच यादी, त्याच क्रमानं. त्यात माझा स्वतःचा प्रणवही आला. त्याचा फॉर्म मी भरत होतो तेव्हा साहेब बाहेर गाड्यावर भजी खात होते. गावच्याच कॉलेजात शिकला, कसाबसा सुटला. आज हैदराबादला विमा कंपनीत विभागप्रमुख आहे. झेप-अंक ९१.

माझा पोरगा एक्याण्णव जिद्दीचा आणि शर्वरी एकतीस! भज्यांच्या गाड्यावर उभं राहून कमावलेली जिद्द!

मी त्याच दुपारी संस्थेला फोन लावला. चार बटणं दाबल्यावर माणूस सापडला. तो म्हणाला, हरकत घेता येते. ज्यानं यादी भरली त्यानं प्रतिज्ञापत्र करून द्यायचं, की ही उमेदवाराच्या मनानं भरलेली नाही. मग ती यादी बाद.

"लगेच करतो," मी म्हणालो.

"एक लक्षात घ्या. एका केंद्राबद्दल असं सिद्ध झालं, की त्या केंद्रातल्या सगळ्याच याद्या बाद होतात. सगळ्या उमेदवारांची फेरतपासणी. नोकरीत असलेल्यांचीसुद्धा."

मी फोन ठेवला. शर्वरीनं सगळं ऐकलं होतं.

"राहू द्या काका. प्रणवदादाचं कशाला बिघडवता?"

"तू गप बस," मी म्हणालो. खरं तर माझी पाचावर धारण बसली होती.

रविवारी प्रणवला फोन केला. आधी त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मग आवाज चढला.

"बाबा, तुम्ही स्वतःच्या पोराच्या पोटावर पाय देणार? शेजाऱ्याच्या पोरीसाठी?"

"शेजाऱ्याच्या पोरीच्या पोटावर मी दहा वर्षांपूर्वीच पाय दिलाय रे."

"तिच्या बापानं सांगितलं तेच तुम्ही भरलं. तुमचा काय दोष?"

"आणि तुझ्या बापानं भरलं त्यात तुझं काय कर्तृत्व?"

त्यानं फोन आपटला. त्याच्या आईनं हे ऐकलं. तिनं चार दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. माझं जेवण ताटात येत होतं, पण वाढणाऱ्या हाताचा आवाज मला कळत होता. मी तिला काय सांगणार? मलाही पोरगाच प्यारा आहे. पण मी सेंटर उघडायचो, शर्वरी स्कूटीवर पाण्याच्या बाटल्या बांधून समोरून जायची, आणि मला वर बघवायचं नाही. शेवटी बुधवारी शंभराचा स्टॅम्प पेपर घेतला, लिहिलं आणि सही ठोकली. मी, भगवान डोईफोडे, शपथेवर सांगतो की या याद्या मुलांच्या मनातल्या नाहीत, माझ्या कॉम्प्युटरमधल्या आहेत.

सुनावणी पुण्याला होती. शर्वरीबरोबर मीच गेलो. निवृत्ती यायला निघाला होता, मी म्हटलं, आबा, तुम्ही येऊ नका, तिथं माझं तोंड सुटेल.

काचेची इमारत, थंडगार खोली. समोर सरदेशमुख नावाच्या निवड अधिकारी. चाळिशीच्या, बोलायला अगदी गोड. गोड बोलणाऱ्यांचा मला जास्त संताप येतो, कारण त्यांच्यावर ओरडता येत नाही.

त्यांनी प्रतिज्ञापत्र वाचलं. "मान्य आहे. पण एक सांगते. वडिलांनी एकच नाव भरायला लावलं, हे यंत्राच्या हिशेबात आधीपासून धरलेलं आहे."

"म्हणजे?"

"अशा लाखो मुली आहेत ना. ज्यांनी घरी भांडून बाहेरची नावं घातली, त्या पुढे गेल्या. ज्यांनी नाही घातली, त्या सरासरीनं मागे राहिल्या. कारण काहीही असो. झेपला कारणाशी देणंघेणं नाही, ते फक्त अंदाज सांगतं. आणि अंदाज बरोबर येतो."

"बाई," मी म्हणालो, आणि आवाज चढलाच, "ज्याचे पाय बांधले तो शर्यतीत मागे राहिला, हे सांगायला यंत्र लागतं होय? आणि मागे राहिला म्हणून पुन्हा त्याचेच पाय बांधायचे? मग अंदाज बरोबर येईल नाही तर काय होईल? तुम्हीच तिला नोकरी देत नाही, आणि तुम्हीच म्हणता बघा, आम्ही म्हटलं नव्हतं का, ही पुढे जाणार नाही!"

बाईंनी प्रतिज्ञापत्र पुन्हा पुढे ओढलं. त्यांना ते पटलं असावं, किंवा त्यांनी ते आधीही ऐकलं असावं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुमचं प्रतिज्ञापत्र मी स्वीकारते. जुनी यादी बाद. आता नियमाप्रमाणे फेरभरणी. मॅडमनी इथं, माझ्यासमोर, स्वतःच्या हातानं यादी भरायची. तेव्हा मोकळीक असती तर काय भरलं असतं, ते."

"आणि ती खरी धरणार? त्या वेळी माहीत नव्हतं म्हणून ती यादी खरी म्हणता. मग आज सगळं माहीत असून भरलेली कशी खरी?"

"तशी तरतूद आहे," बाई म्हणाल्या. माझ्या डोळ्यात न बघता पुढे म्हणाल्या, "सगळे वीसच्या वीस भरतात."

मला इशारा कळला. शर्वरीला पाच मिनिटं बाहेर घेतलं. मी काय कच्च्या गुरूचा चेला नाही, तयारीनं आलो होतो. खिशातून चिठ्ठी काढली. वीस नावं, तीच जुनी, दिल्लीपासून खाली उतरत आलेली.

"हे घे. याच क्रमानं टाक. मधे मधे थांब, विचार केल्यासारखं दाखव. ते वेळही मोजतात."

तिनं चिठ्ठी वाचली. पूर्ण वाचली, पाठपोट.

तेवढ्यात माझा फोन वाजला. प्रणव. उचलला.

"बाबा, तुमचा कागद पोचल्यापोचल्या कंपनीनं माझीपण फेरभरणी लावलीय, आज तीन वाजता. ती वीस नावं पाठवा ना पटकन. मला एकही आठवत नाही."

चार दिवस बायकोनं अबोला धरला, मी रात्ररात्र तळमळलो, पोराचं काय होईल म्हणून. आणि साहेबांची तक्रार काय, तर नावं आठवत नाहीत! पाठवली. काय करणार, बाप आहे. संध्याकाळी कळलं, त्याला ब्याण्णव पडले. एक मार्क वाढला.

आम्ही आत गेलो. मला भिंतीशी खुर्ची दिली. शर्वरी पडद्यासमोर बसली. वीस रकाने उघडले. मी मनात नावं म्हणत होतो, दिल्ली, बेंगळुरू, मुंबई. तिनं चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली. पहिल्या रकान्यात काहीतरी टाइप केलं आणि खालचं बटण दाबलं.

"झालं," ती म्हणाली.

सरदेशमुख बाईंनी पडदा स्वतःकडे वळवला. "मस्के मॅडम, एकच नाव आहे."

"हो."

"गावातलंच कॉलेज आहे हे."

"हो. तुम्ही विचारलंत, मोकळीक असती तर काय भरलं असतं. हेच भरलं असतं."

"नक्की? एकदा पाठवलं की बदलता येणार नाही." बाई खरंच कळवळून विचारत होत्या, एवढं त्यांचं मला मानावं लागेल.

"नक्की."

मी खुर्चीतून उठलोच. "शर्वरी! अगं काय केलंस?" पण यंत्रानं तोवर आकडा टाकला होता. एकोणतीस. पूर्वीपेक्षा दोन कमी. दुसरी संधी मिळूनही उमेदवारानं इच्छा वाढवली नाही, असा शेरा.

जागा गेली. दोनशे बारा बोअर, पिवळीची जांभळी होणारी पट्टी, लेखीत पहिला नंबर, सगळं गेलं, एका रकान्यापायी.

परतीच्या एसटीत मी जामखेडपर्यंत राग दाबून धरला. तिथं गाडी चहाला थांबली. कप हातात घेतला आणि मग माझा बांध फुटला.

"अक्कल गहाण ठेवली होतीस का गं? मी पोराची नोकरी पणाला लावली, बायकोचा अबोला सोसला, कोर्टाचा कागद केला, आणि तू? वीस नावं लिहायला हात झडले असते? त्यांच्या यंत्राला थोडं फसवलं असतं तर कोणतं पाप लागलं असतं?"

ती शांतपणे ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "काका, रागावू नका, एक बोलू? दहा वर्षांपूर्वी आबांनी एक नाव सांगितलं आणि तुम्ही भरलं. आज तुम्ही वीस नावं लिहून आणलीत आणि मला भरायला सांगितलं. यंत्र म्हणतं हिला जिद्द नव्हती. तुम्ही म्हणता हिला जिद्द होती, बापानं मारली. सगळ्यांना माझ्या मनातलं माहीत आहे. मला मात्र एकानंही विचारलं नाही."

मी कप खाली ठेवला. खोटं काय होतं त्यात? मी तिच्यासाठी भांडलो, ते सुद्धा तिला न विचारता.

"मग आता विचारतो," मी म्हणालो. "का गं? आपलंच कॉलेज का?"

तिनं जरा वेळ माझ्याकडे बघितलं. मी खरंच विचारतोय का, ते ती बघत असावी. मग सांगायला लागली. गाडी सुटली तरी सांगत होती.

बारावीत असताना शाळेनं पुण्याच्या एका मोठ्या कॉलेजची प्रयोगशाळा दाखवायला नेलं होतं. तिथं पाण्याचा रंग मोजायचं यंत्र होतं, आणि त्याच्यापुढे ऐंशी पोरं रांगेत. प्रत्येकाला पाच मिनिटं, तेही सर उभे असताना. आमच्या गावच्या कॉलेजात तसंच एक जुनं यंत्र कपाटात पडून होतं. तिथं रसायनशास्त्र शिकवणाऱ्या लोमटे मॅडम म्हणाल्या होत्या, तू आलीस तर कपाटाची किल्ली तुझ्याकडे. आणि त्यांनी शब्द पाळला. तीन वर्षं, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, यंत्र तिचं एकटीचं. गावातला प्रत्येक आड, प्रत्येक बोअर तिनं त्यात मोजला. माझ्या सेंटरमागच्या बोअरचं पाणीसुद्धा. पट्टीची कल्पना तिथंच सुचली.

"पुण्याला गेले असते तर मार्क जास्त पडले असते, ओळखी झाल्या असत्या," ती म्हणाली. "पट्टी झाली नसती असं मला वाटतं. नक्की कोण सांगणार? दोन्हीकडे मी एकाच वेळी जाऊन आलेले नाही. पण त्या दिवशी तुमच्या सेंटरवर मी हेच सांगायला तोंड उघडलं होतं. आबा नको म्हणतात म्हणून नाही, मलाच तिथं जायचंय म्हणून. आबांच्या तोंडून ते निघालं आणि माझं राहूनच गेलं."

बाहेर दुपार टळत होती. ती फोन काढून कुठल्याशा गावच्या सरपंचाला सांगत होती की परवा बोअर तपासायला येते, बाटल्या तेवढ्या धुऊन ठेवा.

आणि मी खिडकीशी बसून मनातल्या मनात जळत होतो. कोणावर चिडू? तीस लाख पोरांच्या याद्या वाचून त्यांचं आयुष्य सांगणाऱ्या त्या यंत्रावर चिडलो. पोरीच्या तोंडचा शब्द तिच्याआधी बोलून टाकणाऱ्या निवृत्तीवर चिडलो. पण फिरून फिरून यायचो ते माझ्याच डोक्यावर. फॉर्मला 'का' असा रकाना नव्हता, म्हणून तीस वर्षांत मी ते एकाही पोराला, एकाही पोरीला विचारलं नाही. आणि ही पोरगी तर दहा वर्षं रोज सकाळी माझ्या दारावरून जात होती, कधी कधी थांबून "काका, चहा झाला का?" असं विचारतसुद्धा होती.